तळ्याचा आकार एका आकड्यात मावतो का?

सरोवरांच्या आकारांची तुलना करायची म्हटली की एक गुणोत्तर हमखास पुढे येते. किनाऱ्याची लांबी मोजायची आणि तिला तेवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाच्या परिघाने भागायचे. तळे अगदी गोल असेल तर उत्तर १ येते. किनारा जितका वेडावाकडा, तितके उत्तर मोठे. उल्कापातातून झालेले लोणारचे सरोवर जवळजवळ गोल, तर कोयना धरणामागचा शिवसागर बुडालेल्या खोऱ्यांत हातपाय पसरलेला. पहिल्याचे गुणोत्तर १ च्या आसपास, दुसऱ्याचे त्याहून बरेच मोठे, हे नकाशा पाहताच कळते. सोपे, एकक नसलेले, वर्गात काढता येणारे असे हे गुणोत्तर आहे. तरीही त्यावर टाकला जातो तेवढा विश्वास टाकण्याच्या योग्यतेचे ते नाही, असे आमचे मत आहे.

पहिला आक्षेप आलेखकागदावर तपासता येतो. पाच घरे एका ओळीत रंगवा. शेजारी पाच घरांचेच अधिकचिन्ह रंगवा. दोन्हींचे क्षेत्रफळ ५, परिमिती १२, म्हणून गुणोत्तरही एकच : १.५१. ही दोन तळी आहेत असे समजा. पहिल्यात वाऱ्याला लांबीच्या दिशेने सुमारे पाच घरे मोकळे पाणी मिळते, दुसऱ्यात जेमतेम तीन. हे अंतर जितके जास्त तितक्या लाटा मोठ्या, आणि काठाची झीज व पाण्याची घुसळणही जास्त. आकडा एकच, पण तळ्यांचे वागणे वेगळे! लांबट असणे आणि फाटे फुटणे या दोन वेगळ्या गोष्टी हे गुणोत्तर एकाच माळेत ओवते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. किनाऱ्याची लांबी ही एक ठरलेली राशी नाहीच. लुईस फ्राय रिचर्डसन यांनी दाखवून दिले, की स्पेन आणि पोर्तुगाल यांच्या सामाईक सीमेची लांबी एके ठिकाणी ९८७ किलोमीटर, तर दुसरीकडे १२१४ किलोमीटर दिलेली होती. हे काम त्यांच्या निधनानंतर १९६१ साली प्रसिद्ध झाले आणि १९६७ साली बेन्वा मँडेलब्रॉट यांनी ते पुढे नेले. मोजपट्टी लहान केली की आणखी वळणे सापडतात आणि लांबी वाढते. क्षेत्रफळ मात्र फारसे बदलत नाही. म्हणजे आपले गुणोत्तर मोजपट्टीनुसार फुगते. एकक नाही म्हणून ते मापावर अवलंबून नाही, हा समज चुकीचा ठरतो. दोन्ही तळी एकाच नकाशावर मोजली तरी सुटका नाही. लहान तळ्याची वळणे त्या मापात पुसली जातात, मोठ्याची टिकतात. आणि मोठे तळे विनाकारण अधिक वळणदार ठरते.

उपग्रहचित्रे आली म्हणून प्रश्न मिटला, असेही नाही. चित्र चौकोनी घरांचे बनलेले असते. आलेखकागदावर बांगडी ठेवून वर्तुळ काढा, आतली घरे रंगवा आणि रंगवलेल्या भागाच्या कडा मोजा. परिमिती व्यासाच्या चौपट भरेल, म्हणजे गुणोत्तर सुमारे १.२७. घरे कितीही बारीक केली तरी पायऱ्या राहतातच आणि उत्तर तेथेच येते. या पद्धतीने लोणारही ‘वाकडे’ ठरेल!

हा केवळ गणिती काथ्याकूट नव्हे. जुन्या नकाशावरचा आकडा आणि आजच्या उपग्रहचित्रावरचा आकडा शेजारी ठेवून कोणी अतिक्रमणाने किनारा बदलला असे म्हणू लागले, तर बदलले काय, तळे की मोजपट्टी? खरे अतिक्रमण दाखवून देणारी मोजणीसुद्धा अशा एका चुकीमुळे खोटी ठरवली जाऊ शकते.

मग हे गुणोत्तर टाकून द्यावे का? तसे आम्ही म्हणत नाही. आकारांची तुलना करायची असेल तर पट्टी तळ्याच्या बेताची घ्यावी. उदाहरणार्थ, क्षेत्रफळाच्या वर्गमूळाचा विसावा भाग. एकाच तळ्याची दोन वर्षे ताडून पाहायची तर पट्टी, पद्धत आणि पाण्याची पातळी तीच हवी, कारण मे महिन्यातला जलाशय आणि सप्टेंबरातला जलाशय यांचे किनारे वेगळे असतात. जोडीला सलग मोकळ्या पाण्याचे सर्वांत मोठे अंतर द्यावे. आणि विद्यार्थ्याच्या वहीत ‘गुणोत्तर १.५’ एवढेच लिहिलेले दिसले, तर शिक्षकांनी त्याला जरूर विचारावे : कोणत्या पट्टीने मोजलेस?