दोन वारशांचे साहित्य आणि आपली मुले

कामठीच्या धर्मग्रामात रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही एकदा मुलांना विचारले, "तुमच्या घरी रात्रीची रोझरी कोणत्या भाषेत म्हणतात?" कोणी मराठी म्हणाले, कोणी हिंदी, कोणी इंग्रजी. एक मुलगा मात्र मान खाली घालून बसला. वर्ग सुटल्यावर तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "फादर, आमची आजी तमिळमध्ये म्हणते. पण मी ते बाहेर सांगत नाही."

त्या उत्तराने आम्हांला बेचैन केले. १८२१ मध्ये कन्हान नदीच्या काठी येथे लष्करी छावणी वसली. मद्रासच्या पलटणींबरोबर तमिळ व तेलुगू कुटुंबे येथे आली आणि त्यांच्यातील ख्रिस्ती घरे येथेच रुजली. त्यांच्या पुढच्या पिढ्या मराठीत शिकल्या, बाजारात हिंदी बोलल्या आणि प्रार्थनेसाठी आजीच्या भाषेकडे वळल्या. हे वैभव आहे. मग आमच्या त्या लहानग्याला त्याची लाज का वाटावी? याचे एक उत्तर, आमच्या मते, साहित्यात दडलेले आहे. ज्या घराचे चित्र मुलाने कधी पुस्तकात पाहिले नाही, ते घर सांगण्याजोगे आहे असे त्याला वाटत नाही.

हाच प्रश्न अमेरिकेतील लॅटिनो कुटुंबांपुढेही उभा राहिला. मेक्सिको, पोर्तो रिको आदी प्रदेशांशी नाते सांगणाऱ्या या कुटुंबांची वारशाची भाषा स्पॅनिश; त्यांतील पुष्कळ घरे आपल्यासारखीच कॅथलिक. शाळेत मात्र सारा व्यवहार इंग्रजीचा. या ओढाताणीतून तेथे मुलांसाठी एक नवे साहित्य जन्मले. त्यातील दोन पुस्तकांचा परिचय येथे करून द्यावासा वाटतो.

आल्मा फ्लोर आदा यांचे 'माय नेम इज मारिया इसाबेल' हे छोटे पुस्तक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. नव्या शाळेत आलेल्या मारिया इसाबेलला बाई सांगतात, वर्गात आधीच दोन मारिया आहेत, तेव्हा तुला आपण 'मेरी' म्हणू. बाईंच्या मनात दुष्टावा नाही, केवळ सोय आहे. परंतु मुलीच्या नावात तिची वाडवडील माणसे नांदत आहेत. 'मेरी' अशी हाक आली की ती आपल्यासाठी आहे हे तिच्या ध्यानातच येत नाही, आणि मग दुर्लक्ष केल्याचा ठपका तिच्यावर येतो. स्नानसंस्काराच्या वेळी आजोबा-आजींचे नाव बाळाला देणाऱ्या आपल्या घरांना या कथेचे मर्म वेगळे उलगडून सांगायला नको. पुस्तकात उणीव आहे ती शेवटाची. मुलीने आपली इच्छा निबंधात लिहावी आणि सारे सुरळीत व्हावे, इतके जीवन सोपे नसते. तरीही एका लहान मुलीचे दुःख लेखिकेने मोठ्यांच्या दुःखाइतकेच गंभीरपणे घेतले, हे तिचे यश होय.

दुसरे पुस्तक कवयित्री पॅट मोरा यांचे, 'टोमास अँड द लायब्ररी लेडी', १९९७ सालचे. शेतमजुरीसाठी गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबातील टोमासला आजोबा गोष्टी सांगतात. त्या साऱ्या ऐकून झाल्यावर आजोबाच त्याला ग्रंथालयाची वाट दाखवतात. तेथील बाई त्याला पुस्तके देतात. तो त्यांना स्पॅनिश शब्द शिकवतो. देवघेव दोन्ही बाजूंनी होते, हेच या कथेचे सौंदर्य. ही कथा टोमास रिवेरा यांच्या बालपणावर आधारलेली आहे. ते पुढे लेखक झाले आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील शाखेचे प्रमुखही झाले. पुस्तक मुलाला आजोबांपासून तोडत नाही. तेथे वाचलेली गोष्ट तो घरी येऊन सांगतो.

या धारेतील सगळेच लेखन असे कसदार नाही. अनेक पुस्तकांत वारसा म्हणजे सणाचे पक्वान्न, रंगीत पोशाख आणि एखादे नृत्य एवढेच उरते. असा वारसा काचेच्या कपाटात ठेवलेल्या वस्तूसारखा असतो. पाहावा आणि पुढे जावे.

आता आपल्या अंगणाकडे वळू. मराठीत दोन वारसे एकत्र नांदवण्याची परंपरा अमेरिकेतील या पुस्तकांहून कितीतरी जुनी आहे. गोव्यातील साष्टी भागात सेवा करणारे इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. छंद ओवीचा, भाषा मराठी, छपाई रोमन लिपीत आणि विषय प्रभू येशूचे चरित्र! नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसांच्या कानांना पुराणश्रवणाची सवय होती. ती सवय मोडून काढण्याऐवजी फादर स्टीफन्स यांनी तिचा आदर केला.

पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंगाला ख्रिस्तभक्तीचे नवे रूप दिले. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, ही हकिकत प्रसिद्धच आहे. तो लोहमार्ग आमच्या कामठीवरूनच जातो, याचा आम्हांला थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी क्षमा करावी. टिळक प्रोटेस्टंट पंथाचे होते. पण त्यांचे शब्द साऱ्या मराठी ख्रिस्ती समाजाचे धन झाले आहेत.

तथापि घर या दृष्टीने पाहता आम्हांला सर्वांत मोलाचा ग्रंथ वाटतो तो लक्ष्मीबाई टिळकांचा 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून तो भागाभागाने प्रसिद्ध झाला. १८९५ मध्ये पतीने बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, तरी सोवळेओवळे त्यांनी लगेच सोडले नाही. मन पालटले ते हळूहळू, स्वतःच्या विचाराने; आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे सारे त्या लिहितात ते स्वयंपाकघरातल्या भाषेत. सोडून आलेल्या घराची त्या निंदा करीत नाहीत, नव्या घराची आरतीही ओवाळीत नाहीत. वडिलांच्या कडक सोवळ्याची त्या थट्टा करतात आणि पतीच्या विक्षिप्तपणाचीही. दोन्हीकडे माया तीच. दोन वारसे बाळगणाऱ्या माणसाला आपल्या दोन्ही घरांवर हसता आले पाहिजे, हे या ग्रंथाने आम्हांला शिकवले. ज्याला हसता येत नाही तो एका घराची लाज बाळगतो किंवा दुसऱ्याचा गर्व.

कॅथलिकांपुरते बोलायचे तर १९०३ मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केलेल्या 'निरोप्या'पासून आपल्या मराठी लेखनाला व्यासपीठ लाभले. वसईच्या ख्रिस्ती समाजाने तर पोर्तुगीज आडनावे आणि अस्सल मराठी जिव्हा एकत्र नांदवून दाखवली. 'सुवार्ता'चे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला काही ठिकाणी विरोधही झाला होता. विरोध करणाऱ्यांना त्या झग्याआडचा मराठी माणूस दिसला नाही, असे आम्हांला वाटते. २०२४ मध्ये फादर दिब्रिटो प्रभूघरी गेले. त्यांचे 'सुबोध बायबल' आपल्या घरांत राहिले आहे.

मोठ्यांसाठी इतके असताना मुलांसाठी काय आहे? येथे आम्हांला स्वतःलाही दोष दिला पाहिजे. आम्ही धर्मगुरू बक्षीस म्हणून जी पुस्तके वाटतो त्यांत संतांची चरित्रे असतात, बायबलमधील गोष्टी असतात. ती हवीतच. परंतु त्यांतील मूल बहुधा दूरदेशीचे असते, कधी चुकत नाही, कधी रुसत नाही, आणि भाकरी तर कधीच खात नाही. दुसरीकडे शालेय वाचनातल्या मराठी गोष्टींत दिवाळीची सुटी असते, मामाचा गाव असतो. पण नाताळच्या आदल्या रात्री गोठा सजवणारे, मध्यरात्रीच्या मिस्सेत आजीच्या मांडीवर झोपी जाणारे मूल क्वचितच भेटते. आपले मूल एका पुस्तकात भक्त म्हणून हजर असते, दुसऱ्यात मराठी म्हणून. संपूर्ण असे ते कोठेच नसते.

काही पालक म्हणतील, मुलांना इंग्रजी आले म्हणजे झाले. जुन्या भाषांचे ओझे कशाला? पोटाची चिंता खोटी नाही. पण टोमासने इंग्रजी शिकण्यासाठी आजोबांना विसरण्याची गरज पडली नाही, हे ध्यानात घ्यावे. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्म्याने साऱ्यांना एकच भाषा दिली नाही. ज्याला त्याला आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्ये ऐकू आली.

म्हणून आमच्या धर्मग्रामातील लेखणी धरणाऱ्या बंधुभगिनींना, विशेषतः शिक्षिकांना, आमची विनंती आहे. संतांची चरित्रे लिहाच. पण एखादी गोष्ट आपल्या गल्लीतल्या मुलाचीही लिहा. त्याचे नाव पोर्तुगीज असो वा तमिळ, त्याला मराठीत रुसू द्या, भांडू द्या आणि मग प्रार्थना करू द्या.

त्या मुलाला आम्ही पुढच्या रविवारी आजीची एक प्रार्थना वर्गात म्हणून दाखवायला सांगितले. तो दोनदा अडखळला. मुले हसली नाहीत. मग तेलुगू घरातल्या एका मुलीने हात वर केला.