अंकलिपीतले जग आणि मोहल्ल्यातले मूल

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला शाळेसाठी तयार करणे, हा विषय आपल्या वैचारिक लेखनात फारसा येत नाही. तो आयाबायांचा, अंगणवाडी सेविकांचा किंवा सरकारी परिपत्रकांचा विषय मानला जातो. धर्मांतर, आरक्षण, विद्यापीठ, साहित्यातील विद्रोह यांवर आपण तावातावाने बोलतो. पण ज्या वयात मुलाच्या हातात पहिले पुस्तक पडते, आणि या जगात आपली जागा कोणती हे त्याला कोणी न सांगता कळून जाते, त्या वयातील वाङ्मयाची समीक्षा आपण केलेली नाही. ती करणे अगत्याचे आहे, असे मला वाटते.

ते पहिले पुस्तक म्हणजे अंकलिपी. भंडारा जिल्ह्यातील कोणत्याही आठवडी बाजारात, पेन्सिल-पाटीच्या दुकानात ती मिळते. मुळाक्षरे, बाराखडी, अंक, पाढे, वार, महिने आणि रंगीत चित्रे असा तिचा ऐवज. ज्या घरात दुसरे एकही पुस्तक नसते त्या घरातही ती असते. मजूर बाप पोराला शाळेत घालण्याच्या आधी ती विकत आणतो, कारण पोराची 'तयारी' झाली पाहिजे. कादंबरीच्या हजार प्रती निघाल्या तर आपण परीक्षणे लिहितो. घरोघर पोचणाऱ्या या पुस्तकाकडे मात्र वाङ्मय म्हणून कोणी पाहत नाही.

पाहिले तर काय दिसते? अ अननसाचा, इ इमारतीचा, ई ईडलिंबाचा, श शहामृगाचा. अननस आमच्या धानपट्ट्यात होत नाही, आणि शहामृग तर साऱ्या देशाच्या रानात नाही. पण अनोळखी वस्तूंची ओळख होणे हेही शिक्षणच आहे, म्हणून यावर मी फार अडत नाही. खरा प्रश्न माणसांचा आहे. या पुस्तकात माणसे कोणती येतात? ऋ ऋषीचा. अनेक अंकलिप्यांत भ भटजीचा. क्ष क्षत्रियाचा. ज्ञ यज्ञाचा किंवा ज्ञानेश्वरांचा. आता त्याच पानांवर ऐ ऐरणीचा असतो आणि कित्येकदा औ औताचाही असतो. म्हणजे ऐरण आहे, पण लोहार नाही. औत आहे, पण औत धरणारा नाही. कष्टकऱ्याचे अवजार चित्रात आले आणि कष्टकरी चौकटीबाहेर राहिला. भटजी मात्र अवजाराविना स्वतः जातीने हजर आहे. 'वर्णमाला' या शब्दातील 'वर्ण' अक्षराचा की चातुर्वर्ण्याचा, अशी शंका यावी इतकी ही मांडणी बोलकी आहे.

यावर उत्तर मिळेल की 'क्ष' आणि 'ऋ' यांनी सुरू होणारे सोपे शब्द मराठीत थोडे, तेथे चित्रकार तरी काय करणार? ही अडचण खरी आहे. पण 'भ'ची तशी काही अडचण नाही. भात आहे, भाकर आहे, भोपळा आहे. ज्या जिल्ह्याची ओळखच भाताने होते तेथील मुलाला 'भ' शिकवण्यासाठी भटजी लागावा, हा अक्षराचा नाइलाज नव्हे. ही अभिरुचीची निवड आहे. आणि अभिरुची कधीच निरागस नसते, हे दलित साहित्याने प्रस्थापित समीक्षेला शिकवून आता अर्धशतक झाले.

दुसरा प्रश्न बोलीचा आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग मिळून झाडीपट्टी होते, आणि तेथील घरांत झाडीबोली बोलली जाते. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा अभ्यास करून तिचा शब्दकोश सिद्ध केला. या बोलीत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'र' होतो, 'श'चा 'स' होतो. मूल घरी 'पानी' पिते, त्याचा 'डोरा' दुखतो. हे उच्चार चुकीचे नाहीत. त्यांना नियम आहेत, परंपरा आहे. पण शाळेच्या उंबरठ्यावर ते एका क्षणात 'अशुद्ध' ठरतात. माझ्या पहिलीच्या वर्गात 'डोरा' म्हणणाऱ्या पोराला उभे करून दहा वेळा 'डोळा' म्हणायला लावले जाई आणि वर्ग हसत असे. हसणाऱ्यांत घरी 'डोरा'च म्हणणारी पोरेही असत. दुसऱ्याच्या बोलीला हसता हसता स्वतःच्या आईच्या बोलीची लाज कशी शिकवली जाते, याचा इतका स्वच्छ नमुना मला पुढे कोणत्या ग्रंथात आढळला नाही.

झाडीबोली ही एकट्या दलितांची नाही. कुणबी, कोहळी, तेली अशा सर्वच घरांत ती आहे. पण ज्याच्याजवळ शेत आहे, गावात मान आहे, त्याच्या बोलीचे हसे झाले तरी त्याची माणुसकी शाबूत राहते. बौद्ध मोहल्ल्यातील मुलावर बोलीची लाज आणि जातीची हेटाळणी असे दुहेरी ओझे पडते. म्हणून हा प्रश्न भाषाशास्त्राचा असला तरी सामाजिक न्यायाचाही आहे.

येथे बालशिक्षणाच्या चळवळीचा इतिहास पाहिला पाहिजे, कारण तो आपल्याशी फार जवळून निगडित आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधील सान लोरेंझो या कामगार वस्तीत पहिले बालगृह उघडले. म्हणजे ही पद्धत जन्मली गरिबांच्या पोरांसाठी. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले, ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पण महागडी साधने आणि शिकलेले पालक यांच्या जोरावर शहरांतील बालमंदिरे मुख्यतः मध्यमवर्गाचीच राहिली. हा दोष ताराबाईंनी ओळखला. १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या. ते गाव आज पालघर जिल्ह्यात आहे. तेथे अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. गावातील बालवाडीत अस्पृश्यांची आणि आदिवासींची मुले येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून त्या वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातून आला. परदेशी साधनांच्या जागी त्यांनी शिंपले, बिया, पाने, माती वापरली. पुढे १९५७ पासून कोसबाडला हे काम वाढले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हा मराठी शब्द देशभर गेला. ज्या अंगणात गावचा पाय पडत नव्हता त्या अंगणाचे नाव भारत सरकारच्या योजनेला मिळाले, ही घटना लहान नाही. ताराबाई-अनुताईंचे हे ऋण मान्य केल्याशिवाय पुढची टीका करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

टीका अशी की आपण अंगण घेतले, पण अंगणातले जगणे घेतले नाही. बालशिक्षणाच्या बोलण्यात 'संस्कार' हा शब्द पदोपदी येतो. 'संस्कारक्षम वय', 'बालसंस्कार', 'संस्कार वर्ग'. हा शब्द उपनयनादी विधींतून आला आहे, आणि ते विधी कोणाला होते व कोणाला नव्हते हे वाचकांना सांगायला नको. ज्यावर संस्कार करायचे ते मूल मुळात असंस्कृत, त्याचे घर असंस्कृत, असे या शब्दात गृहीत आहे. मग पहिला पाठ नखे कापण्याचा आणि केस विंचरण्याचा होतो. स्वच्छतेला माझा विरोध नाही. पण मोहल्ल्यात नळ का नाही हा प्रश्न न विचारता पोराच्या नखांतील माती तपासणे, याला शिक्षण म्हणता येत नाही.

त्या मातीत ज्ञान आहे, हे कोणी लक्षात घेत नाही. माझी आई बिड्या वळायची. सुपात तेंदूपान, कैची, तंबाखू, धागा. पाने आकाराने वेगळी करणे, मापाने कापणे, पाच-पाचने बिड्या मोजून कट्टा बांधणे हे शेजारी बसलेले मूल रोज पाहत असे. वर्गीकरण, क्रम लावणे, गटाने मोजणे, ज्यासाठी बालशिक्षणात खास साधने बनवतात, ते सर्व त्या सुपात होते. पावसाळ्यात बांधीच्या धुऱ्यावर बसलेले मूल पऱ्ह्यांच्या पेंढ्या मोजते. उन्हाळ्याच्या तोंडी पहाटे आईबरोबर मोहफुले वेचताना कोणते झाड आधी गळते हे त्याला कळते. बोडीचे पाणी कुठवर चढले की पाय ठेवायचा नाही, हे त्याला पाढ्यांच्या आधी येते.

मी दारिद्र्याचे उदात्तीकरण करीत नाही. तंबाखूच्या धुळीत मूल बसू नये, ते अंगणवाडीतच असले पाहिजे. बालमजुरीला 'जीवनशिक्षण' असे गोंडस नाव देणाऱ्यांच्या पंक्तीत मला बसायचे नाही. माझे म्हणणे एवढेच की शाळेत येणारे मूल कोरी पाटी नसते. ते काहीतरी मोजून, काहीतरी ओळखून, एक भाषा संपूर्ण आत्मसात करून आलेले असते. 'मुलाची तयारी' याचा अर्थ जर ते सारे पुसून टाकणे असा होत असेल, तर ती तयारी शिक्षणाची नव्हे, शरणागतीची आहे.

आता कायद्याकडे पाहू. मूळ संविधानातील अनुच्छेद ४५ ने चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाची दिशा दिली होती. त्यात खालच्या वयाची अट नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाला मूलभूत हक्क दिला, आणि सहा वर्षांखालील मूल मात्र मार्गदर्शक तत्त्वांतच राहिले. म्हणजे ज्या वयात घराघरांतील अंतर सर्वाधिक वाढते तेच वय हक्काच्या बाहेर पडले. पैसेवाल्याने त्या वयासाठी नर्सरी विकत घेतली. गरिबाला योजना मिळाली. ती चालवणारी सेविका अजूनही पगारावर नाही, मानधनावर आहे. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साल उजाडावे लागले.

कार्यकर्त्यांनी एक आदेश ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाड्यांची संख्या १४ लाखांपर्यंत नेण्यास सांगितले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अग्रक्रम दिला. सहा वर्षांखालील ४० मुले असूनही अंगणवाडी नसलेल्या वस्तीने मागणी केली, तर तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे, असेही त्यात म्हटले. अंगणवाडी गावात कोणत्या गल्लीत आहे, कोणाच्या घराशेजारी आहे, तेथे जाताना आपली पोर कोणत्या दारावरून जाते, हे प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाहीत. बोर्डीला १९४५ साली तोच प्रश्न पडला होता.

दरम्यान, आपल्या मोहल्ल्यातील आईबाप पोटाला चिमटा घेऊन पोरांना तालुक्याच्या इंग्रजी केजीत घालू लागले आहेत. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार, ज्यांची मुले आधीच इंग्रजीत शिकली त्या पांढरपेशांना नाही. मराठी शाळेने जर आपल्या बोलीला हसायचेच ठरवले असेल, तर निदान पैसा मिळवून देणाऱ्या भाषेकडून हसून घ्यावे, असा त्यांचा हिशेब आहे, आणि तो मूर्खपणाचा नाही. पण त्यातून इतकेच घडते की अननसाच्या जागी सफरचंद येते. मूल चौकटीबाहेर होते ते बाहेरच राहते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा ही वर्षे शिक्षणाच्या रचनेत घेतली आणि घरच्या भाषेचा आग्रह धरला. पण झाडीपट्टीत 'घरची भाषा' याचा अर्थ पुण्याची पुस्तकी मराठी असा झाला, तर त्या आग्रहाचा आमच्या मुलाला उपयोग काय?

आणि आता आपल्याच साहित्याला एक प्रश्न. 'बलुतं' १९७८ मध्ये आले, 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये. त्या दोन दशकांतील आत्मकथनांत शाळेचा उंबरठा वारंवार येतो. त्या उंबरठ्यावर झालेला अपमान आपण जगासमोर मांडला आणि मराठी साहित्याचा चेहरा बदलला. पण उद्या तोच उंबरठा ओलांडणाऱ्या चार वर्षांच्या पोरीच्या हातात द्यायला आपण काय लिहिले? प्रौढांसाठी विद्रोह आणि पोरांसाठी बाजारची अंकलिपी, अशी ही वाटणी आहे. बोलीला आपण कवितेत आणि कथेत प्रतिष्ठा मिळवून दिली, बाराखडीत दिली नाही.

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षक शेतकरी-कष्टकरी वर्गातून यावेत आणि अभ्यासक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, अशी मागणी केली होती. तिचा अर्थ बालवयापर्यंत नेला तर काम स्पष्ट दिसते. आपल्या जिल्ह्यात मराठीचे शिक्षक आहेत, डी.एड. झालेली मुले-मुली आहेत, चित्रकार आहेत, आणि मोहल्ल्यातील पोरांना नावानिशी ओळखणाऱ्या सेविका आहेत. त्यांनी एकत्र बसून झाडीपट्टीची एक अंकलिपी करावी. ध धानाचा, ब बोडीचा, म मोहाचा. ऐरणीशेजारी ती ठोकणारा माणूस असावा, सुपाशेजारी बिडी वळणारी बाई असावी. 'पानी' आणि 'पाणी' हे दोन्ही शब्द एका पानावर, एकाला चूक न म्हणता, छापावेत. प्रमाण मराठी मुलाला आली पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण ती त्याच्या बोलीच्या खांद्यावर उभी राहून आली पाहिजे, बोलीच्या छातीवर पाय देऊन नव्हे.

मुलाने शाळेसाठी किती तयारी केली, हे आजवर पुष्कळ तपासले गेले. शाळेने मुलासाठी किती तयारी केली, हे तपासण्याचे काम आता शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी हाती घ्यावे. त्याची सुरुवात गावातील अंगणवाडीच्या भिंतीवर लावलेला मुळाक्षरांचा तक्ता उभे राहून, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचण्यापासून करता येईल.