योग की नुसती सुट्टी? एका सहलीच्या दाव्याची चिरफाड

सकाळी मरीन ड्राइव्हवर आसनं, न्याहारीनंतर ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती, दुपारी भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, उन्हं उतरल्यावर गिरगावातली खोताची वाडी. अशी सहल आखायला मुंबईसारखं शहर नाही. इथल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह २०१८ साली जागतिक वारशात गेला, आणि कैवल्यधामचं केंद्र १९३०च्या दशकापासून मरीन ड्राइव्हवर आहे. सहल म्हणून मला ती आवडेलच. भांडण आहे ते अशा सहलींना चिकटणाऱ्या दाव्याशी: कला आणि योग एकत्र आले की ताण उतरतो.

उद्या तुमच्यापैकी कुणीतरी हाच विषय सिनॉप्सिसमध्ये लिहील, म्हणून हे सांगतोय. सहलीआधी ताणाची प्रश्नावली भरून घ्यायची, परतताना पुन्हा भरून घ्यायची, आकडा खाली आला की योगाचा विजय. पण त्या पाच दिवसांत माणूस ऑफिसला गेला नाही, दादरला लोकल बदलली नाही, पोटभर झोपला, रोज चार-पाच किलोमीटर चालला. मग आकडा कशाने उतरला?

या विषयाच्या जवळचा एक चांगला अभ्यास २०१६ साली 'ट्रान्सलेशनल सायकिअ‍ॅट्री'मध्ये आला. कॅलिफोर्नियातल्या एका रिसॉर्टवर ध्यान न करणाऱ्या ६४ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला ध्यान-योगाचं शिबिर, दुसऱ्याला त्याच ठिकाणी फक्त सुट्टी. इथेच अर्धी लढाई जिंकली. निकाल बघा: मानसिक स्वास्थ्य लगेच सुधारलं ते सगळ्यांचंच, जवळपास सारखंच. जनुकांच्या कामातले ठळक बदलही सगळ्या गटांत दिसले. लेखकांनीच त्याला सुट्टीचा परिणाम म्हटलं. फरक पडला तो नंतर. दहा महिन्यांपर्यंतच्या नोंदींत शिबिरवाल्या नवशिक्यांचा त्रास जास्त टिकून कमी राहिला.

पण लंगडी बाजूही आहे. तिसरा गट ३० अनुभवी साधकांचा होता, आणि त्या आधीच शिबिराला नाव नोंदवलेल्या. त्यांच्यात दिसलेला वेगळेपणा ध्यानामुळे, की मुळात तशा स्त्रियाच ध्यानाकडे वळतात म्हणून? रँडमायझेशन नसेल तर सांगता येत नाही. शिवाय शिबिर दीपक चोप्रांच्या केंद्राचं होतं. त्यामुळे निकाल खोटा ठरत नाही, पण दुसऱ्या कुणीतरी तो पुन्हा करून बघायला हवा.

मुंबईच्या सहलीचा दावा तर याहून अवघड. 'एकत्र' या शब्दासाठी चार गट लागतात: दोन्ही, फक्त योग, फक्त वास्तू, आणि नुसती रजा. नुसत्या रजेवाल्यालाही त्याच हॉटेलात ठेवा. त्याला लालबागच्या घरी सोडलंत तर तुम्ही योग नाही, पाहुणे मोजाल! दोन्ही मिळून बेरजेपेक्षा जास्त काही होतं का, हे तपासायचं म्हणजे फरकांतला फरक. तो एकट्या योगाच्या परिणामाएवढाच असला तरी पकडायला साधारण चौपट माणसं लागतात. गाईडच्या मागे फिरणाऱ्या वीस जणांत तो सापडणार नाही.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम आणि 'योगमीमांसा' सुरू केलं, तेव्हा उड्डियान आणि नौली क्ष-किरणांखाली पाहिली, आतला दाब मोजला. एका वेळी एक क्रिया, एक मोजमाप. शंभर वर्षांपूर्वीचं हे डिझाइन आजच्या 'सर्वांगीण अनुभव'वाल्या दाव्यापेक्षा मला जास्त प्रामाणिक वाटतं.

आणि शेवटची प्रश्नावली चेक-आउटच्या दिवशी भरून घेऊ नका. सुट्टीवरच्या जुन्या अभ्यासांत कामाचा थकवा तीनेक आठवड्यांत पूर्वपदावर आलेला दिसतो. माणूस पुन्हा लोकलला लटकू लागला की चौथ्या आठवड्यात त्याला फोन करा.