खरेदीसाठी खरेदी की जीवनासाठी?

मराठी माणूस समीक्षा कशाची करीत नाही? नाटकाची करतो, गाण्याची करतो, शेजाऱ्याच्या नव्या बंगल्याची करतो आणि लग्नातल्या मठ्ठ्याची तर पंगत उठायच्या आत करून मोकळा होतो. पण ज्या एका गोष्टीपायी तो हयातभर पाकीट रिकामं करतो, त्या खरेदीची समीक्षा मात्र अजून कुणी मनावर घेतलेली दिसत नाही. "महाग पडलं" आणि "स्वस्तात मिळालं" या दोन वाक्यांत आपण खरेदीचा निकाल लावतो. उद्या एखाद्या कादंबरीबद्दल कुणी "चारशे पानांची आहे" एवढंच बोलून खाली बसला, तर त्याला आपण समीक्षक म्हणू काय? फार तर रद्दीवाला म्हणू.

ही उणीव भरून काढायची म्हणून मी महाबळेश्वरची बाजारपेठ अभ्यासाला घेतली आहे. तीच का, असं विचाराल. तर आपल्या गावच्या वाण्याकडे माणूस गरजेपोटी जातो. तिथं तूरडाळ घेताना कसली आलीय प्रतिभा! महाबळेश्वरात मात्र कुणालाच काही घ्यायचं नसतं. बॉम्बे पॉइंटवरून सूर्यास्त बघून झालेला असतो, जेवणाला दीड-दोन तास अवकाश असतो, कानांना थंडी झोंबत असते आणि खोलीवर बसून एकमेकांची तोंडं किती वेळ बघणार? मग "काही घ्यायचं नाही हं, नुसती एक चक्कर मारू" असं म्हणत अख्खं कुटुंब बाजारात उतरतं आणि तासाभरानं दोन्ही हातांत पिशव्या घेऊन वर चढतं. तिथून घरी आलेली प्रत्येक वस्तू यादीत नसलेली असते. शुद्ध स्फूर्तीतून झालेली खरेदी बघायची, तर ती इथेच.

आता समीक्षा म्हटली की आधी वाद हवा. आपल्याकडे फडके आणि खांडेकर यांच्या नावानं "कलेसाठी कला की जीवनासाठी कला" हा वाद कैक वर्षं गाजला. फडके कलेच्या बाजूचे, खांडेकर जीवनाच्या. खांडेकरांचा जन्म सांगलीचा, 1898 सालचा. त्यामुळे आम्हा सांगलीकरांचं मत कुठल्या पेटीत पडणार हे सांगायला नको. आमच्या घरात हाच वाद खरेदीवरून आहे. आमची ही कट्टर जीवनवादी. तिची यादी असते, यादीला अनुक्रमांक असतात आणि यादीबाहेरची वस्तू तिला घुसखोर वाटते. मी आपला रसिक. वस्तू आवडली पाहिजे, उपयोग काय, तो मागाहून सुचतो. आणि आई? आई कुठल्याच पक्षात नव्हती. "मला काही नको रे आता," हे तिचं पालुपद. हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

थोडी ऐतिहासिक पार्श्वभूमी देणं समीक्षकाचं कर्तव्यच आहे. 1824 साली लॉडविक नावाचा इंग्रज अधिकारी झाडीतून वाट काढीत हा डोंगर चढला आणि इथल्या हवेविषयी त्यानं वर्तमानपत्रातून लिहिलं. पुढं 1829 साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून हा माथा घेतला आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा हे गाव दिलं. बाजारपेठेला नाव पडलं माल्कम पेठ. म्हणजे बघा, महाबळेश्वरातला पहिला मोठा सौदा खुद्द महाबळेश्वराचाच झाला! साहेब लोकांच्या खंगलेल्या प्रकृतीला थंड हवा मिळावी, हा त्यामागचा हेतू. गव्हर्नरसाहेबही शेवटी जीवनवादीच निघाले. पण त्यांच्या त्या औषधी खरेदीवर आज आपण दोन रात्रींच्या मुक्कामात चैन करतो, हा भाग निराळा.

आता एकेक कलाकृती घेऊ.

पहिला मान चण्यांचा. महाबळेश्वरचे भाजके चणे म्हणजे कथेतली लघुकथा. सुरू कधी झाली आणि संपली कधी कळत नाही. खारे, तिखट, लिंबू-मिरीचे, लसणाचे. दुकानदार चमचा पुढं करतो, "घ्या ताई, खाऊन तर बघा," आणि सहा दुकानांत खाऊन बघितल्यावर सातव्या दुकानात लाजेकाजेस्तव अर्धा किलो घ्यावेच लागतात. हे चणे सांगलीपर्यंत पोचत नाहीत. सातारा ओलांडायच्या आत पुडा रिकामा होतो. घरावर परिणाम शून्य. सबब, मनोरंजक पण किरकोळ.

स्ट्रॉबेरीचं तसं नाही. ती महाकाव्याच्या थाटात येते. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे, तेव्हा दर्जाविषयी मी पामरानं बोलू नये. मी बोलतो ते रचनेविषयी. प्लॅस्टिकच्या डबीतला वरचा थर लालबुंद, टपोरा. खाली जावं तसतशी फळं बारीक आणि फिकट होत जातात. आमच्या एका डबीत तर तळाशी पानंच फार निघाली. ज्यांनी क्रमशः कादंबऱ्या वाचल्या आहेत त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. शिवाय नाजूकपणा इतका, की घाट उतरेपर्यंत अर्ध्या फळांचा आपोआप जॅम होतो. हिचा आनंद जागेवरच घ्यावा, साईसकट. घरी नेण्याचा हट्ट धरू नये.

मध मात्र पहिली गंभीर कृती. महाबळेश्वरच्या रानात सातेरी माशी पेट्यांत पाळतात आणि जांभूळ, हिरडा, गेळा अशा झाडांचा मध निघतो. जवळच्या मांघर या गावाला 2022 साली 'मधाचं गाव' म्हणून जाहीर केलं, इतका तिथं हा घरोघरचा धंदा. आम्ही जांभळाच्या मधाची बाटली आणली. रंगानं काळपट, चवीला किंचित तुरट. हिनं चाखली आणि म्हणाली, "हा मध नाही, काढा आहे." पुढं थंडीत आणखी एका फुलोऱ्याची बाटली तळाशी गोठून रवाळ झाली तेव्हा तर खटलाच उभा राहिला. "साखर घातलीय, दुसरं काय! तरी मी म्हणत होते, यादीत नव्हतं."

आता सत्य काय ते ऐका. मधात मुळातच द्राक्षशर्करा असते. तिचं प्रमाण जास्त असलं आणि हवा गार पडली, की अस्सल मधसुद्धा रवाळ होतो. त्यात खोट काही नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. आणि पेल्याभर पाण्यात थेंब टाकून किंवा काडी पेटवून मधाची परीक्षा घेणारे घरगुती पंडित आपल्याकडे उदंड असले, तरी त्या परीक्षांना काही अर्थ नसतो. खरी पारख प्रयोगशाळेतच. हे मी हिला सांगितलं तर तिनं कानाआड केलं. पण बाटली कोमट पाण्यात ठेवून तिनंच बघितली. दहा मिनिटांनी चमच्यानं मध ओतता ओतता ती म्हणाली, "अहो, झाला की पातळ!" आता आमच्या यादीत 'मध' असं न लिहिता 'मध, जांभळाचा' असं लिहिलेलं असतं. एका शब्दाच्या स्वल्पविरामानं माणसाची अभिरुची किती पुढं गेली बघा.

गाजरांचा उल्लेख केला नाही तर अन्याय होईल. सांगलीच्या मंडईत रोज भाजी घेणारी बाई महाबळेश्वरला जाऊन पाल्यासकट गाजरांची जुडी विकत घेते, याला काय म्हणायचं? पण इथल्या भाजीमळ्यांनाही कथा आहे. इंग्रजांनी मलायाकडून आणलेले चिनी कैदी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात इथं ठेवले होते आणि त्यांनी भाज्यांचे मळे फुलवले. चायनामॅन फॉल या धबधब्याला नाव त्यांच्यावरूनच पडलं. घरदार सोडून समुद्रापार आणलेल्या माणसांनी डोंगरावर बटाटे लावले. गाजराच्या जुडीत एवढा करुणरस असेल असं वाटतं का कधी? चपलांविषयी मात्र काही बोलत नाही. दुकानात मऊ लागतात आणि घरी आल्यावर चावतात. पुष्कळशा प्रेमकथांसारख्या.

आता मुख्य कृतीकडे वळतो. काठी.

महाबळेश्वरच्या बाजारात काठ्यांचे भारेच्या भारे उभे असतात. साध्या, नक्षीच्या, वाघाच्या तोंडाच्या, कुत्र्याच्या तोंडाच्या, वाकड्या मुठीच्या. तरुण पोरं त्या घेऊन दोन दिवस पॉइंटांवर मिरवतात आणि परत जाताना गाडीत विसरतात. आम्ही काठीकडे कधी ढुंकून बघितलं नव्हतं. कारण आमच्या घरात काठी हा विषयच वर्ज्य होता.

त्याचं असं झालं होतं. आई न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही, पण उजवा गुडघा कायमचा रुसला. डॉक्टर म्हणाले, काठी घ्या. औषधाच्या दुकानातून अ‍ॅल्युमिनियमची काठी आणली. लांबी कमीजास्त होणारी, खाली रबरी बूच, वर राखाडी मूठ. उपयुक्ततेच्या दृष्टीनं शंभरपैकी शंभर गुण. आईनं ती एकदा हातात घेतली, दाराआड छत्रीशेजारी उभी केली आणि त्या दिवसापासून उंबरा ओलांडायची बंद झाली. रोज संध्याकाळी कृष्णेकाठच्या गणपतीला जाणारी बाई खिडकीतून नमस्कार करायला लागली. कुणी विचारलं तर म्हणायची, "देव काय, सगळीकडे आहे." काठीचा विषय काढला की, "मला काही नको रे आता." हे तेच वाक्य.

महाबळेश्वरलाही ती यायला तयार नव्हती. नातवानं हट्ट धरला म्हणून आली आणि सगळे पॉइंट गाडीतूनच बघितले. बाजारात मात्र माझ्या दंडाला धरून उतरली. एका काठ्यांच्या दुकानाशी थांबली आणि माझा दंड सोडून दुकानाच्या फळीला धरलं.

"ही केवढ्याला?"

"तीनशे, मावशी. एकसंध लाकूड आहे, बघा."

"एकसंध आहे तर ही गाठ कसली? शंभर देते."

"मावशी, शंभरात मूठसुद्धा यायची नाही!"

"मग मूठ ठेव तुझ्याकडे. काठी दे."

सांगलीच्या पेठेत उमेदीची वर्षं घासाघीस केलेली बाई ती. कितीतरी महिन्यांनी तिचा तो आवाज मी ऐकत होतो. एकशेसाठाला सौदा तुटला. ही हळूच म्हणाली, "आई, कुणाला घेतलीत?" आई म्हणाली, "अण्णाला. वय झालं आता त्याचं." अण्णा म्हणजे आमचे मामा, आईपेक्षा सहा वर्षांनी लहान, रोज सकाळी चार किलोमीटर चालणारे.

काठी सांगलीला आली. अण्णामामा दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा काठी कपाटामागं होती. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी आई नातवाला म्हणाली, "ती काठी काढ रे. अण्णाला द्यायच्या आधी चालून बघते, कशी काय आहे." आणि आमच्या बोळाच्या टोकापर्यंत जाऊन आली. दुसऱ्या दिवशी चौकापर्यंत. मग मीच सुताराला बोलावलं, कारण काठी उंच होती. हात सैल सोडल्यावर मूठ मनगटापाशी आली पाहिजे, आणि दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरली पाहिजे, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. सुतारानं खालून दोन इंच कापली. फरशीवर घसरू नये म्हणून दाराआडच्या काठीचं रबरी बूच काढून हिला बसवलं. जरा ढिलं होत होतं, तर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली.

मी न राहवून विचारलं, "आई, त्या काठीनंही हेच झालं असतं की."

आई म्हणाली, "ती दवाखान्याची होती. ही महाबळेश्वरची आहे."

एवढ्या एका वाक्यात तिनं फडके आणि खांडेकर दोघांनाही घरी बसवलं. काम दोन्ही काठ्यांचं एकच. बूचही तेच. पण एक काठी कुणीतरी तिच्या हातात दिली होती, 'तू आता थकलीस' असं सांगून. दुसरी तिनं पारखली होती, भांडून घेतली होती आणि घेताना ती चक्क दुसऱ्याला म्हातारा म्हणाली होती. गरजेची वस्तू गरज म्हणून घरात आली की आपलं दुखणं बरोबर घेऊन येते. तीच वस्तू हौस म्हणून आली की दुखणं बाहेर चपलांपाशी थांबतं. निदान थोडा वेळ तरी. म्हणून माझा निकाल असा, की खरेदीची उत्तम कलाकृती ती, जी दुसऱ्यासाठी म्हणून घेतली जाते आणि गुपचूप आपली होते.

हे सगळं मी हिला वाचून दाखवलं. जीवनवादी टीकाकारांचं मत घ्यावं लागतंच. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते सगळं ठीक आहे. पण अण्णामामांना आता काहीतरी द्यायला हवं." मग महिन्याच्या यादीचा कागद पुढं ओढला आणि साबण, तूरडाळ, मध (जांभळाचा) यांच्या खाली क्रमांक घालून पुढची जागा कोरी सोडली.