गाण्यातला ‘मी’ आणि कबुलीजबाब

‘ट्रॅप’ हे नाव ऐकून आमच्या बहुतेक वाचकांनी नाक मुरडले तर त्यात नवल नाही. अटलांटा शहरात ज्या घरी अंमली पदार्थांची किरकोळ विक्री चालते, त्या घराचे हे नाव. टी. आय. या गायकाची ‘ट्रॅप म्युझिक’ ही ध्वनिमुद्रिका २००३ साली निघाली आणि पुढे एका गायनपद्धतीसच ते चिकटले. खोल घुमणारा यांत्रिक ढोल, वर झांजांची घाई, आणि गल्लीतला विक्रेता स्वतःच्या तोंडाने आपला धंदा सांगतो आहे, अशी त्याची घडण.

पुण्याच्या ताडीवाला रोडवरील अल्ताफ शेख ऊर्फ एमसी स्टॅन याने हाच ठेका घेऊन २०२० साली ‘तडीपार’ हा गीतसंग्रह काढला. अटलांटाचा विक्रीचा हिशेब येथे मागे पडतो. वस्ती, वैर आणि पोलीस पुढे येतात. करजगीच्या बाजारात कन्नड, मराठी व दखनी एकाच दमात ऐकणाऱ्या आम्हांस त्याची वस्तीतली हिंदी परकी वाटत नाही. शिव्या मात्र गरजेहून पुष्कळ अधिक आहेत.

‘तडीपार’ या शब्दापाशी आमच्यातील वकील थबकतो. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यान्वये माणसास दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालविता येते, आणि त्यासाठी गुन्हा शाबीत व्हावा लागतोच असे नाही. साक्षीदार भीतीने पुढे येत नाहीत, हेही त्यात एक कारण धरले जाते. असा शब्द मुलगा मिरवतो तेव्हा त्यात केवळ उर्मटपणा नाही, पुराव्यावाचून ठरविले गेल्याची सलही आहे.

तीच सल ऐकणाऱ्या पोरांच्या वाट्यास येते. हे गाणे गुणगुणणारा मुलगा व्यसनी, असा निवाडा आमच्या देवळाच्या ओट्यावर सहज होतो. जॉर्जियातील यंग थग याच्यावरील खटल्यात तर २०२३ साली न्यायाधीशांनी गीतांच्या ओळी पुराव्यात येऊ दिल्या. उलट कॅलिफोर्नियाने २०२२ मध्येच अशा वापरास कायद्याने आळा घातला होता. पोलिसापुढील कबुलीजबाबही आमचा कायदा आरोपीविरुद्ध मानीत नाही. मग ठेक्यावर म्हटलेला कोण मानणार? तुकोबांनी अभंगांतून स्वतःस पतित म्हटले, त्याचा पंचनामा कोणी केला नाही. स्टॅनच्याही एका गाण्याचे नाव ‘अस्तग्फिरुल्लाह’, म्हणजे क्षमायाचनाच आहे.

पण कवीची ही सवलत घेणाऱ्यास रसिकापुढे ‘आम्ही फक्त खरे तेच सांगतो’ असा बचाव करता येणार नाही. मग आम्ही विचारणार की या साऱ्या पद्धतीत विकणारा इतका बोलतो, आणि विकत घेऊन खंगणारा गाण्यात कोठे आहे? अटलांटाच्या पुष्कळ ध्वनिमुद्रिकांत तो गिऱ्हाइकापलीकडे दिसत नाही. २०२३ साली ‘बिग बॉस’ जिंकलेल्या स्टॅनच्या ऐंशी हजारांच्या जोड्यांची चर्चा आम्ही पुरेशी ऐकली. ‘तडीपार’मधली वस्ती आम्हांस अजून ऐकावयाची आहे.