‘वसती’, ‘लागण’ आणि ‘सापडली नाही’

कॅन्डिडा ऑरिस ही औषधांना सहसा दाद न देणारी बुरशी रुग्णाच्या नाकातून पूतिरोधकांनी हटविता येते किंवा कसे, यासंबंधीच्या चाचण्यांची चर्चा आता वैद्यकाबाहेरील वाचकांपर्यंतही येऊन पोहोचली आहे. त्या चर्चेतील काही दोष शास्त्राचे नसून शब्दयोजनेचे आहेत. म्हणूनच भाषाभ्यासकाने तिच्यात तोंड घातल्यास ते अगदीच अस्थानी ठरू नये.

अडचण नावापासूनच सुरू होते. २००९ मध्ये जपानमधील एका रुग्णाच्या कानातील नमुन्यावरून या बुरशीचे प्रथम वर्णन झाले आणि ‘कान’ या अर्थाचे लॅटिन पद तिला कायमचे चिकटले. वस्तुतः तिचे ठाण प्रामुख्याने काखेत, जांघेत व नाकपुड्यांत आढळते.

‘कॉलनायझेशन’ या संज्ञेसाठी कोणी ‘लागण’ वापरतो, कोणी ‘वसाहत’. पैकी ‘लागण’ सर्वस्वी त्याज्य होय. लागणीत रोग अभिप्रेत आहे. येथे बुरशी अंगावर असते, रोगलक्षण नसते. ‘वसाहत’ हा शब्द काचतबकडीवर वाढणाऱ्या पुंजक्यासाठी आधीच खर्ची पडला आहे. प्रस्तुत लेखकास ‘वसती’ त्यातल्या त्यात बरा वाटतो. हा शब्दच्छल नव्हे. केवळ वसती असलेल्या रुग्णास बुरशीविरोधी औषध देऊ नये, असा संकेत आहे. अहवालात ‘लागण’ असे लिहिले गेले, तर नातेवाईक तेच औषध मागणार. उलटपक्षी वसती म्हणजे निरुपद्रव, असेही नाही: तीच शेजारच्या खाटेपर्यंत पोहोचते आणि अशक्त रुग्णाच्या रक्तात उतरू शकते.

आता चाचण्यांकडे वळू. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील १३७ रुग्णालयांच्या चाचणीत आयोडीनयुक्त पूतिरोधक नाकातील स्टॅफिलोकॉकस ऑरियसविरुद्ध म्युपिरोसिनपुढे उणे पडले. परंतु तो जिवाणू आहे. ‘ऑरियस’ म्हणजे सोनेरी, ‘ऑरिस’ म्हणजे कानाचा. ध्वनिसाम्यावरून एकाचा निष्कर्ष दुसऱ्यास लावण्याचा मोह टाळलेला बरा. परीक्षानलिकेत पोव्हिडोन आयोडीनने बुरशी मरते, म्हणून श्लेष्मा असलेल्या नाकातही ती तितकीच मरेल, हे अनुमानही तितकेच घाईचे.

खरा घोटाळा क्रियापदात आहे. ‘बुरशी सापडली नाही’ आणि ‘बुरशी नाही’ यांतील अंतर मराठी बोलणारे पोरही जाणते. अहवाल मात्र ते विसरतात. स्वॅबबरोबर पूतिरोधकाचा अंश आला आणि तो निष्प्रभ करणारे द्रव्य माध्यमात नसले, तर तबकडीवर काहीच उगवत नाही. असे न उगवणे हा औषधाचा गुण मानावा, की नमुना घेण्याच्या पद्धतीचा दोष? शिवाय नाक मोकळे झाले तरी काख आणि जांघ उरतातच. त्या जागा न तपासता ‘रुग्ण वसतीमुक्त झाला’ असे लिहिणे म्हणजे अवयवाचे विधान देहावर लादणे होय. ‘नाकातून घेतलेल्या नमुन्यात वाढ आढळली नाही’ एवढेच लिहावे, आणि औषध शेवटचे केव्हा लावले होते, हे त्याच वाक्यात नोंदवावे.