बॉट पास झाला, विद्यार्थी कुठे गेला?

समजा, तुम्ही एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहात. रात्रीचे साडेअकरा वाजलेत. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत उद्या संपतेय आणि पोर्टलवर लाल अक्षरांत 'शुल्क थकीत' दिसतंय. कोपऱ्यात एक गोल चिन्ह आहे: 'विचारा, मी मदत करतो.' तुम्ही काय टाइप कराल?

गेल्या सत्रात एका विद्यापीठाचा (नाव सांगत नाही) असाच एक चॅटबॉट मी तपासून पाहिला. माझी पीएच.डी. याच्या आसपासची आहे, म्हणून बनवणाऱ्यांनी त्यांची चाचणीही दाखवली. बॉट त्यात छान पास झाला होता. आजची माझी तक्रार बॉटपेक्षा त्या चाचणीबद्दल जास्त आहे.

चाचणीतले प्रश्न कसे होते? 'थकीत शुल्क भरण्याची अंतिम मुदत कोणती?' 'विलंब शुल्क किती आकारले जाते?' म्हणजे परिपत्रक समोर ठेवायचं, त्यातल्या वाक्याचा प्रश्न करायचा आणि तेच वाक्य परत आलं की मार्क द्यायचे. पण असं कुणी विचारतं का हो? मुलं रोमन अक्षरांत मराठी लिहितात, अर्धवट लिहितात: 'स्कॉलरशिप आली नाही अजून, ऑफिस फी मागतंय, काय करू.'

मी हाच प्रश्न पाच तऱ्हेने विचारला. चार वेळा उत्तर आलं: विलंब शुल्कासह थकबाकी भरा. ज्याच्याकडे पैसे आहेत आणि भरायचे राहून गेले, त्याच्यासाठी हे उत्तर बरोबर आहे. पण अनुसूचित जातीच्या ज्या मुलीच्या घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, तिची फी भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून यायची असते. अर्ज महाडीबीटीवर मंजूर आहे, रक्कम मात्र यायचीय. मग ही थकबाकी कोणाची? पोर्टल तिच्या नावावर दाखवतं आणि बॉट पोर्टलचंच ऐकतो.

असं का होतं, ते थोडक्यात सांगते. हे बॉट बहुतेक वेळा दोन टप्प्यांत चालतात. आधी तुमच्या प्रश्नाशी जुळणारे उतारे कागदपत्रांतून शोधायचे, मग ते भाषा-मॉडेलपुढे ठेवून उत्तर लिहून घ्यायचं. 'फी' आणि 'भरली नाही' म्हटलं की विलंब शुल्काचं परिपत्रक लगेच वर येतं. शिष्यवृत्तीचा कागद वेगळ्या खात्याचा, त्याची भाषा 'निर्वाह भत्ता' आणि 'प्रतिपूर्ती' अशी. मुलीचे शब्द आणि त्या कागदाचे शब्द एकमेकांना भेटतच नाहीत. मॉडेलला जे मिळालं त्यावरून ते गोड भाषेत लिहितं. इथे एक साधा उलटप्रश्न पुरला असता: 'तुम्ही शिष्यवृत्तीचा अर्ज केलाय का?' तो आला नाही आणि त्याला चाचणीत मार्कही नव्हते.

दुसरा नमुना याहून गंभीर आहे. मी लिहिलं, 'थकबाकी भरल्याशिवाय बारावीची मूळ मार्कशीट देणार नाही म्हणतात.' उत्तर: 'कृपया थकबाकी भरून कागदपत्रे प्राप्त करावीत.' आता, यूजीसीच्या ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेनुसार संस्थेने मूळ प्रमाणपत्रं तपासून परत करायची असतात, कोणत्याही सबबीखाली ती ताब्यात ठेवता येत नाहीत. बॉटने खिडकीवरची सवयच नियम म्हणून सांगितली.

बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं, खाली 'माहिती केवळ मार्गदर्शनासाठी' असं लिहिलंय की! कॅनडात एअर कॅनडाचा बॉट भाडेसवलतीबद्दल चुकीचं बोलला होता. तेव्हा बॉट हा स्वतंत्र घटक आहे, त्याच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही, असा बचाव झाला. ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने 2024 मध्ये तो फेटाळला. तो निकाल आपल्याकडे लागू नाही, पण मुद्दा लागू आहे.

बॉट बंद करा, असं मी म्हणत नाहीये. एका मुलाने मला सांगितलं, 'ताई, खिडकीवर सगळ्यांसमोर पैसे नाहीत म्हणायला लाज वाटते, याला सांगता येतं.' हे खरंच मोलाचं आहे. म्हणूनच चुकीचं उत्तर जास्त लागतं. जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते त्याने इथे सांगितलं, आणि उत्तर आलं 'भरा.'

मग चाचणी कशी हवी? प्रश्न परिपत्रकांतून न काढता खिडकीवर आलेल्या प्रसंगांतून काढा. एकच अडचण पाच भाषांत, म्हणजे पाच तऱ्हेच्या मराठीत, विचारून बघा. बॉट उलट विचारतो का, माहीत नसेल तर कुणाकडे जायचं ते सांगतो का, याला मार्क द्या. आणि चुका नुसत्या मोजू नका, तोलाही. एका चुकीने कुणाचा थोडा दंड जातो, दुसरीने कुणाचं अख्खं वर्ष. सरासरी काढली की दोन्ही चुका सारख्याच दिसतात.

तोवर काय करायचं? बॉटला जरूर विचारा. उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा आणि कोणत्या परिपत्रकावरून सांगतोस ते विचारा. क्रमांक आणि तारीख सांगितली तर तो कागद स्वतः उघडून वाचा. सांगता आली नाही, तर सकाळी महाडीबीटीच्या अर्जाची प्रिंट घेऊन ऑफिस गाठा आणि लेखी अर्ज देऊन पोच घ्या.